अविश्वासातून घडलेला कायदा : इंग्लंडमधील शिकारबंदी (१८२२ ते २००४)

प्रस्तावना

इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या साह्याने रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करण्यावर १८ फेब्रुवारी २००५ पासून बंदी आहे. ही बंदी आणणारा 'हंटिंग ॲक्ट' १८ नोव्हेंबर २००४ रोजी संमत झाला. अभियांत्रिकीच्या वर्गात हा विषय घेतला की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "सर, प्राण्यांचे हाल होत होते, बंदी आली, चांगलं झालं. यात शिकायचं काय?"

शिकायचे ते असे. सरकारने सुरुवातीला संपूर्ण बंदी मांडलीच नव्हती. त्याने मांडला होता परवान्याचा मार्ग. जी शिकार उपयुक्त आहे आणि जिच्यात प्राण्याला इतर उपायांपेक्षा कमी यातना होतात, तेवढीच परवानगी देऊन चालू ठेवायची, असा तो विचार होता. हा मार्ग संसदेत टिकला नाही. त्याजागी जो कायदा आला त्यावर वीस वर्षांनंतरही शिकारी नाराज आहेत आणि प्राणिहक्कांचे कार्यकर्तेही नाराज आहेत. असे का झाले, हा या टिपणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मुख्यतः दोन्ही बाजूंच्या परस्पर अविश्वासात सापडते. हा अविश्वास एका दिवसात तयार झाला नव्हता. त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास होता.

सुरुवातीला शब्दांविषयी एक खुलासा. इंग्लंडमधील 'फॉक्स' म्हणजे आपल्याकडचा कोल्हा नव्हे. मराठीत कोल्हा म्हणजे 'जॅकल', आणि 'फॉक्स' म्हणजे खोकड. ब्रिटिश अधिकारी उटीला घोड्यांवरून जी शिकार करत ती कोल्ह्यांची होती, कारण त्यांना हवा असलेला तांबडा खोकड तिथे नव्हता. या टिपणात इंग्लंडच्या संदर्भात 'खोकड' हाच शब्द वापरला आहे. घोडेस्वार आणि हाउंड कुत्र्यांचा ताफा सांभाळणाऱ्या स्थानिक मंडळाला तिकडे 'हंट' म्हणतात. तो शब्द तसाच ठेवला आहे.

१. कायद्याने आखलेली पहिली रेघ (१८२२–१९११)

जनावरांवरील क्रूरतेविरुद्ध ब्रिटिश संसदेने केलेला पहिला महत्त्वाचा कायदा १८२२ चा. आयर्लंडमधील गॉलवेचे खासदार रिचर्ड मार्टिन यांनी तो मांडला, म्हणून तो 'मार्टिनचा कायदा' या नावाने ओळखला जातो. त्यात गुरेढोरे, घोडे, मेंढ्या अशा पाळीव जनावरांना संरक्षण मिळाले. दोन वर्षांनी, १८२४ मध्ये, लंडनमधील एका कॉफीगृहात प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. १८४० मध्ये तिला राणी व्हिक्टोरियाची मान्यता मिळाली आणि ती आरएसपीसीए झाली. १८३५ च्या कायद्याने बैल आणि अस्वलांवर कुत्री सोडण्याचे खेळ बंद केले, कोंबड्यांच्या झुंजींवरही बंदी घातली.

या यादीत एक गोष्ट लगेच लक्षात येते. बंद झालेले खेळ प्रामुख्याने गावच्या चौकात आणि गुत्त्याच्या अंगणात गर्दी जमवणारे होते. जमीनदार घोड्यावर बसून जी शिकार करत तिला कायद्याने हात लावला नाही. हा भेदभाव तेव्हाही लोकांना दिसत होता. सिडनी स्मिथ या पाद्री लेखकाने १८०९ मध्येच त्या काळच्या एका सुधारक संस्थेला टोमणा मारला होता की, तिला केवळ कमी उत्पन्नाच्या लोकांचेच दुर्गुण दिसतात.

१९११ च्या प्राणिसंरक्षण कायद्याने ही रेघ पक्की केली. त्याचे संरक्षण पाळीव आणि बंदिस्त प्राण्यांना होते. रानात मोकळा फिरणारा खोकड, हरीण, ससा हे त्याच्या बाहेरच राहिले. कुत्र्याला काठीने मारणे गुन्हा ठरला, पण त्याच कुत्र्यांचा कळप खोकडामागे तासभर धावला तर तो गुन्हा नव्हता. प्राणिमित्रांच्या मनात इथून एक समज रुजली : शिकाऱ्यांशी तडजोड केली की सवलत कायमची त्यांच्या पदरात पडते.

२. दोन संघटना समोरासमोर (१८९१–१९५१)

शिकारीविरुद्ध थेट बोलणारी पहिली प्रभावी संघटना म्हणजे १८९१ ची ह्युमॅनिटेरियन लीग. तिचे नेते हेन्री सॉल्ट. गांधीजी लंडनमध्ये शिकत असताना सॉल्ट यांचेच शाकाहारावरील पुस्तक त्यांच्या हाती पडले होते. राजघराण्याच्या खर्चाने चालणारा हरणांच्या शिकारीचा हंट बंद करावा अशी या लीगची मागणी होती आणि तो १९०१ मध्ये बंद झाला.

आरएसपीसीएच्या सदस्यांत शिकारीही होते. त्यामुळे ती शिकारीविरुद्ध ठाम भूमिका घेत नाही, या नाराजीतून १९२४ मध्ये हेन्री एमस आणि अर्नेस्ट बेल यांनी वेगळी संघटना काढली. तीच पुढे 'लीग अगेन्स्ट क्रुएल स्पोर्ट्स' म्हणून प्रसिद्ध झाली. शिकाऱ्यांनी १९३० मध्ये 'ब्रिटिश फील्ड स्पोर्ट्स सोसायटी' स्थापन केली. म्हणजे १९३० पर्यंत दोन्ही बाजूंना कायमस्वरूपी कार्यालये, वर्गणीदार आणि संसदेतील मित्र मिळाले होते.

पहिली मोठी कसोटी १९४९ ची. लेबर पक्षाचे सरकार होते आणि शिकारीवर निर्बंध घालणारी दोन अशासकीय विधेयके आली. एक मतदानात पडले, दुसरे मागे घेतले गेले. सरकारने स्कॉट हेंडरसन समिती नेमली. १९५१ च्या अहवालात समितीने म्हटले की, खोकडांच्या नियंत्रणात या शिकारीचा महत्त्वाचा वाटा आहे आणि बहुतेक पर्यायी उपायांपेक्षा तिच्यात क्रूरता कमी आहे. शिकाऱ्यांसाठी हा अहवाल पुढची पन्नास वर्षे ढालीसारखा उपयोगी पडला. विरोधकांनी वेगळा धडा घेतला : समिती नेमली की प्रश्न थंड्या बस्त्यात जातो.

३. अविश्वास का वाढला?

साठच्या दशकानंतर दोन्ही बाजू एकमेकींना शत्रू मानू लागल्या. त्याची कारणे वेगवेगळी समजून घ्यावी लागतात.

(अ) रानातील संघर्ष. १९६३ मध्ये 'हंट सॅबोटर्स असोसिएशन' स्थापन झाली. कुत्र्यांचा माग चुकवणे, शिंगे वाजवून त्यांना भलतीकडे नेणे हे तिचे मार्ग होते. पुढे चळवळीच्या कडेला अधिक टोकाचे गट आले. १९८४ मध्ये ब्यूफर्टच्या दिवंगत ड्यूकची कबर उकरण्याचा प्रयत्न झाला. दुसऱ्या बाजूला, १९९१ आणि १९९३ मध्ये शिकारीत अडथळा आणायला गेलेले दोन तरुण वाहनांखाली सापडून मरण पावले. एकाचे वय १८ होते, दुसऱ्याचे १५. दोन्ही छावण्यांकडे आता सांगण्यासारख्या जखमा होत्या.

(आ) पुढच्या पायरीची भीती. शिकाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद असा होता : समोरच्यांचा आक्षेप एका पद्धतीला नाही, माणसाने प्राण्याचा वापर करण्यालाच आहे. आज खोकड, उद्या बंदुकीची शिकार, परवा गळाने मासे पकडणे. प्राणिकल्याण आणि प्राणिहक्क या दोन वेगळ्या कल्पना आहेत, हे इथे समजून घ्या. कल्याणवादी म्हणतो, वापर करा पण यातना कमी ठेवा. हक्कवादी म्हणतो, वापरच नको. चळवळीत दोन्ही विचारांचे लोक होते. त्यामुळे कल्याणाच्या भाषेत आलेली प्रत्येक मागणी हक्कांकडे नेणारी पहिली पायरी आहे, असे शिकाऱ्यांना वाटू लागले. लेबर पक्षाने बंदूक आणि गळ यांना हात लावणार नाही असे सांगितले, तरी ही भीती गेली नाही.

(इ) पैसा. १९९७ च्या निवडणुकीपूर्वी 'पोलिटिकल ॲनिमल लॉबी' या गटाने लेबर पक्षाला १० लाख पौंडांची देणगी दिली. देणगी उघड होती आणि कायद्यात बसणारी होती. पण शिकाऱ्यांच्या दृष्टीने सगळे स्पष्ट झाले : कायदा विकत घेतला जात आहे. त्यानंतर मंत्र्यांनी पुरावा पाहून ठरवू असे म्हटले, तरी ग्रामीण सभांमध्ये त्यावर विश्वास बसत नव्हता. याची दुसरी बाजूही पाहा. मोठे जमीनदार, उमराव आणि त्यांचे संसदेतील नातेसंबंध हीसुद्धा एक लॉबीच होती. तिला पक्षाला धनादेश देण्याची गरज नव्हती, कारण तिची माणसे उमरावांच्या सभागृहात आधीच बसलेली होती.

(ई) वर्ग आणि शहर. हंट म्हणजे लाल कोटातले श्रीमंत, ही प्रतिमा शहरात घट्ट होती. प्रत्यक्षात हंटच्या मागे शेतकरी, नालबंद, घोड्यांची देखभाल करणारे मजूर अशी बरीच साखळी असे. दक्षिण वेल्समध्ये तर खाणकामगारांच्या नावाचा बानवेन माइनर्स हंट होता. शिकारी म्हणत, यांना प्राण्यांची कणव नाही, जुना वर्गीय हिशेब चुकता करायचा आहे. हा आरोप निव्वळ कांगावा नव्हता. कायदा संमत झाल्यावर काही दिवसांतच पीटर ब्रॅडली या लेबर खासदाराने वृत्तपत्रात कबूल केले की, ही लढाई केवळ प्राणिकल्याणाची नव्हती, ती वर्गयुद्धही होती. विधेयक ज्या मंत्र्यांकडे होते त्यांचेच ते संसदीय सहायक होते.

(उ) विज्ञान. केंब्रिजचे प्राध्यापक पॅट्रिक बेटसन यांनी हरणांच्या शिकारीचा अभ्यास केला. पाठलागात हरणांच्या शरीरावर प्रचंड ताण येतो, असा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध होताच नॅशनल ट्रस्टने आपल्या जमिनींवर हरणांची शिकार बंद केली. शिकारीच्या बाजूने लगेच दुसरा अभ्यास करवून घेण्यात आला. यानंतर कोणताही अहवाल आला की लोक आधी विचारत : हा कोणाचा?

४. मोर्चे आणि बर्न्स समिती (१९९७–२००२)

मे १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांचे सरकार आले. शिकारीवर पक्षाचा व्हिप न काढता मतदान घेऊ, असे आश्वासन जाहीरनाम्यात होते. मायकेल फॉस्टर यांचे अशासकीय विधेयक २८ नोव्हेंबर १९९७ रोजी दुसऱ्या वाचनात ४११ विरुद्ध १५१ मतांनी पुढे गेले. परंतु सरकारने वेळ दिला नाही आणि विरोधकांनी चर्चा लांबवली, त्यामुळे मार्च १९९८ मध्ये ते बारगळले.

शिकारी गप्प नव्हते. जुन्या सोसायटीसह तीन संघटना एकत्र येऊन 'कंट्रीसाइड अलायन्स' तयार झाली. १० जुलै १९९७ रोजी हाइड पार्कमध्ये लाखाहून अधिक लोक जमले. १ मार्च १९९८ च्या लंडन मोर्चात अडीच लाखांच्या आसपास, तर २२ सप्टेंबर २००२ च्या मोर्चात चार लाखांवर. शेवटच्या मोर्चाचे नाव होते 'स्वातंत्र्य आणि उपजीविका'. नावातून डावपेच कळतो. मोर्चात खोकड मागे राहिला. पुढे आले ते बंद पडणारे टपाल कार्यालय, शेतमालाचे पडते भाव आणि आपले कोणी ऐकत नाही ही खंत. शिकारीचा प्रश्न ग्रामीण अस्मितेचा प्रश्न झाला.

सरकारने डिसेंबर १९९९ मध्ये लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जून २००० च्या अहवालात म्हटले की, पाठलाग आणि कुत्र्यांकडून मारले जाणे यामुळे खोकडाच्या कल्याणाला गंभीर बाधा येते. मात्र इतर काही पद्धतींतही, विशेषतः छऱ्याच्या बंदुकीने दिवसा केलेल्या शिकारीत, कल्याणाच्या अडचणी आहेत, हेही नोंदवले. सहा ते आठ हजार पूर्णवेळ रोजगार शिकारीवर अवलंबून आहेत असा अंदाज दिला. 'क्रूर' असा शेरा समितीने मारला नाही. परिणामी दोन्ही बाजूंनी आपल्या सोयीचे वाक्य उचलले.

५. परवान्याचा मार्ग कसा बंद झाला

मधला मार्ग सुचवणारे लोक होते. तीन पक्षांतील खासदारांनी, लेम्बिट ओपिक, पीटर लफ आणि लिन गोल्डिंग यांनी, 'मिडल वे ग्रुप' केला होता. लीगचे माजी प्रमुख जेम्स बॅरिंग्टन यांचेही मत बदलले होते. सरसकट बंदीने प्राण्यांच्या यातना कमी होतीलच असे नाही, असे ते सांगत. दोन्ही छावण्या आतून पाहिलेला हा माणूस, पण जुन्या सहकाऱ्यांच्या लेखी तो फितूर ठरला.

३ डिसेंबर २००२ रोजी मंत्री अलन मायकेल यांनी सरकारी विधेयक आणले. हरणांची शिकार आणि सशांमागे कुत्री सोडण्याच्या स्पर्धा यांवर थेट बंदी. उरलेल्यांसाठी निबंधक आणि न्यायाधिकरण. अर्जदाराने दोन कसोट्या पार करायच्या : उपयुक्तता आणि किमान यातना. कागदावर ही रचना बरीच समतोल होती. ठरावीक निकष, पुरावा, अपील, सगळे होते.

पण कोणालाच ती नको होती. शिकाऱ्यांना वाटले, निबंधक उद्या विरोधकांच्या दबावाखाली एकेक परवाना नाकारत जाईल. ही हप्त्याहप्त्याने आलेली बंदीच आहे. बंदीवाद्यांना वाटले, परवाना म्हणजे शिकारीला मिळालेले सरकारी प्रमाणपत्र. १९११ आणि १९५१ ची पुनरावृत्ती. २००१ मध्ये उमरावांच्या सभागृहाने शिकाऱ्यांच्या स्वनियमनाला कौल दिला होता. परवान्याकडे ते २००२ मध्ये वळले, तोवर कॉमन्समधील बहुमताने आपले मन बनवले होते. ३० जून २००३ रोजी टोनी बँक्स यांची संपूर्ण बंदीची दुरुस्ती ३६२ विरुद्ध १५४ मतांनी मान्य झाली. सरकारचेच विधेयक सरकारच्या हातातून निसटले.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. लॉर्ड्सनी विधेयक अडवले. १५ सप्टेंबर २००४ रोजी कॉमन्सने ते एका दिवसात पुन्हा मंजूर केले. बाहेर चौकात पोलीस आणि निदर्शकांत झटापट झाली आणि काही शिकारसमर्थक थेट सभागृहात घुसले. बंदी जुलै २००६ पर्यंत पुढे ढकलण्याची तयारी कॉमन्सने दाखवली. म्हणजे शिकाऱ्यांना दीड वर्ष मिळाले असते. लॉर्ड्सनी तेही नाकारले. ही मुदत आपल्यासाठी नसून निवडणुकीपूर्वी गोंधळ नको म्हणून सरकारने स्वतःसाठी घेतली आहे, असा संशय होता. अखेर १८ नोव्हेंबरला पार्लमेंट ॲक्टचा आधार घेऊन लॉर्ड्सच्या संमतीशिवाय कायदा झाला आणि तीन महिन्यांत लागू झाला. अविश्वासाची किंमत किती रोकडी असते याचे हे ठळक उदाहरण.

या मार्गाने केलेला कायदा वैध आहे का, हा प्रश्न 'जॅक्सन' खटल्यात लॉर्ड्सच्या न्यायिक समितीपुढे गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये नऊ न्यायाधीशांनी तो वैध ठरवला. राज्यशास्त्राचे विद्यार्थी हा खटला आजही अभ्यासतात, तो खोकडामुळे नव्हे, संसदेच्या सार्वभौमत्वाविषयीच्या चर्चेमुळे.

६. हाती आलेला कायदा

कायद्याची रचना पाहिली की त्याच्या जन्मकथेच्या खुणा दिसतात. 'क्रूरता' किंवा 'यातना' हा त्याचा निकष नाही. कुत्र्याच्या साह्याने रानटी सस्तन प्राण्याची शिकार गुन्हा, आणि पुढे सवलतींची यादी. उंदीर चालतात. जमीनमालकाच्या परवानगीने रानससे चालतात. दोन कुत्र्यांनी प्राणी उठवून बंदुकीने मारणे अटींसह चालते. शिकारी पक्ष्यापुढे प्राणी उठवणेही चालते, म्हणून काही हंटनी गरुड बाळगले.

सर्वांत मोठी पळवाट मात्र यादीत नाही. प्राण्याऐवजी आधी टाकलेल्या वासाच्या मागावर कुत्री धावतात, याला 'ट्रेल हंटिंग' म्हणतात. वाटेत खरा खोकड मिळाला तर तो 'अपघात'. शिकार हेतुपुरस्सर होती हे सिद्ध करायचे सरकारी पक्षाने. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्राण्याचा नुसता शोध घेणे म्हणजे शिकार नव्हे. खटले उभे राहणे आणखी अवघड झाले. २०१२ मध्ये हेथ्रॉप हंटविरुद्ध आरएसपीसीएने स्वतः खटला चालवून जिंकला, पण तीन लाख पौंडांहून अधिक खर्चामुळे न्यायाधीशांनीच आश्चर्य व्यक्त केले. शिकाऱ्यांनी याला राजकीय सूड म्हटले, तर बंदीवाद्यांनी पोलीस काही करत नाहीत म्हणून खर्च करावा लागतो असे म्हटले. जुनेच वर्तुळ.

ब्लेअर यांनी २०१० च्या आत्मचरित्रात या कायद्याविषयी पश्चात्ताप व्यक्त केला. २०१५ मध्ये कायदा सैल करण्याचा प्रयत्न मतदानाआधीच मागे घ्यावा लागला. २०२४ च्या जाहीरनाम्यात लेबर पक्षाने ट्रेल हंटिंगवरही बंदीचे आश्वासन दिले. स्कॉटलंडने मात्र २०२३ च्या कायद्यात कडक बंदीबरोबर दोनहून अधिक कुत्र्यांसाठी मर्यादित परवान्याची तरतूद ठेवली. इंग्लंडमध्ये २००३ ला फेकून दिलेली कल्पना शेजारी वेगळ्या रूपात परत आली.

७. भारताच्या संदर्भात

आपल्याकडचे प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदे, १८९० चा आणि त्याजागी आलेला १९६० चा, मार्टिनच्या कायद्याच्याच वंशातले. पण शिकारबंदीची वाट वेगळी होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यातनांवर नव्हे, संख्येवर उभा राहिला. त्या वर्षीच्या गणनेत वाघ १,८२७ भरले होते. १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकार जवळपास पूर्णपणे बंद झाली.

इथेही या कायद्याने काही लोकांची उपजीविका गेली. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून शिकार करत. इंग्रजांनी पारध्यांना गुन्हेगार जमात ठरवले होते, १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला आणि वीस वर्षांनी त्यांचा व्यवसाय गुन्हा झाला. त्यांच्याकडे उमरावांचे सभागृह नव्हते, चार लाखांचा मोर्चाही नव्हता. कायदा त्यांच्याशी भांडून झाला नाही, त्यांना न विचारता झाला. म्हणून इंग्लंडची कथा वाचताना लक्षात ठेवा : अविश्वास सगळीकडे असतो, पण कायद्यावर त्याचा ठसा उमटवायला संघटना, पैसा आणि प्रतिनिधित्व लागते.

सारांश

शिकाऱ्यांचा अविश्वास निराधार नव्हता. देणगी आणि वर्गीय आकस दोन्ही खरे होते. प्राणिमित्रांचा अविश्वासही निराधार नव्हता. प्रत्येक जुनी तडजोड त्यांच्या विरोधात गेली होती. दोघांनाही समोरच्याची आजची मागणी वाचताना तिच्यातील उद्याची मागणी दिसत होती. अशा वेळी परवान्यासारखा मार्ग, ज्याला दोन्ही बाजूंनी थोडा भरवसा टाकावा लागतो, सर्वांत आधी पडतो. मग उरते बहुमत आणि पळवाट. एका बाजूला बहुमत मिळते, दुसरीला पळवाट, आणि ज्या प्राण्याच्या नावाने हे सगळे चालते त्याच्या यातना प्रत्यक्षात किती कमी झाल्या, हा मूळ प्रश्न बाजूला राहतो.

स्वाध्याय

१. १९११ च्या कायद्यातील सवलतीचा २००३ च्या मतदानावर कसा परिणाम झाला, ते स्पष्ट करा.
२. प्राणिकल्याण आणि प्राणिहक्क यांतील फरक सांगून, तो शिकाऱ्यांच्या भीतीशी कसा जोडलेला होता ते लिहा.
३. अलन मायकेल यांच्या विधेयकातील दोन कसोट्या कोणत्या? तुम्ही निबंधक असता तर त्या तपासण्यासाठी कोणता पुरावा मागितला असता?
४. जल्लिकट्टू किंवा बैलगाडा शर्यत यांवरील वादात इंग्लंडसारखे कोणते युक्तिवाद दिसतात आणि कोणते दिसत नाहीत? गटात चर्चा करा.